वीस थाऊ

सिस्टर तिसऱ्यांदा थेंब टाकतात. काका डोळा घट्ट मिटतात आणि जास्तीचं औषध गालावरून कानाकडे ओघळतं. काकूचा हात सवयीने पदराकडे जातो. "पल्लू नहीं अम्मा, ये लो," म्हणत सिस्टर तिच्या हातात कापूस ठेवतात आणि पुढच्या खुर्चीकडे वळतात. काकांच्या उजव्या भुवईवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलाय, त्यावर निळ्या पेनाने काढलेला बाण. सुई कोणत्या डोळ्यात जायची, यात चूक होऊ नये म्हणून.

भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या या नेत्र रुग्णालयात आज अकरा जण अशाच चिकटपट्ट्या लावून बसलेत. ऑगस्ट आहे. काल भदभदा धरणाचे दरवाजे उघडले, त्याचीच चर्चा चाललीय. किती उघडले, कोण बघून आलं, पुलावर किती गर्दी होती. सगळे डोळे मिटूनच बोलतायत. बाहुल्या मोठ्या झाल्यात, साधी ट्यूबलाइटसुद्धा टोचतेय.

आम्ही पिपलानीहून आलोय. चेतक ब्रिजवर पावसात अर्धा तास अडकलो, तेव्हा काका एक शब्द बोलले नाहीत. चाळीस वर्षं भेलच्या मशीन शॉपमध्ये पाणटर्बाइनच्या अवजड भागांवर शेवटचा हात फिरवणारा हा माणूस. मायक्रोमीटर खिशात पेनासारखा असायचा. बावीस वर्षं शुगर आहे. गेली दोन वर्षं उजव्या डोळ्याने समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी त्यांना डाग दिसतो. कडेचं दिसतं, मधलं नाही. डावा झाकला तरी जिन्याच्या पायऱ्या उतरतात, पण उतरताना भेटलेल्या शेजाऱ्याला आवाजावरून ओळखावं लागतं.

ओसीटी सकाळीच झालंय. हनुवटी टेकवून हिरव्या खुणेकडे बघत बसायचं, पापणी लवू द्यायची नाही. काही सेकंदांचं काम. प्रकाशाच्या किरणांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा उभा छेद काढणारं हे यंत्र १९९१ साली पहिल्यांदा जगापुढे आलं. आज त्याच्यावाचून पडद्याच्या डॉक्टरांचं पान हलत नाही. डॉक्टरांच्या खोलीत ते चित्र पडद्यावर आहे आणि मी काकांच्या खुर्चीमागे उभी राहून ते बघतेय.

निरोगी पडदा कसा दिसतो, ते डॉक्टरांनी शेजारच्या चित्रात दाखवलंय: एकावर एक बसलेले थर आणि मधोमध उथळसा खळगा. तो पीतबिंदूचा मध्य. वाचणं, सुई ओवणं, माणूस ओळखणं, सगळं त्या खळग्याच्या जिवावर. काकांच्या चित्रात खळगा नाही. तिथे टेकाड उभं राहिलंय आणि त्याच्या पोटात काळ्या, गोल पोकळ्या आहेत, पाव कापल्यावर दिसतात तशा. शुगरने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्या झिरपतात, आणि ते पाणी इथे साचतं.

"किती?" काका विचारतात. थेंबांमुळे त्यांना चित्र नीट दिसत नाही. आकडा कळतो.

"मधली जाडी पाचशे आठ मायक्रॉन, काका."

काका क्षणभर थांबतात. ओठ हलतात. "वीस थाऊ," ते म्हणतात. "बरोबर वीस. आणि असायला किती हवं?"

"अडीचशेच्या आसपास."

"म्हणजे दहा. दुप्पट झालंय." जुन्या शॉपमध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणत, एक थाऊ म्हणजे पंचवीस मायक्रॉनला जरासं जास्त. डॉक्टरांना हे माहीत नाही. त्या कागदावर भागाकार करून बघतात आणि मान हलवतात. मूळच्या अमरावतीच्या आहेत, काकांशी मराठीतच बोलतात, आणि या माणसाला गोलमोल शब्द चालत नाहीत हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखलंय.

जानेवारीत ही जाडी सहाशे बारा होती. त्यानंतर दर महिन्याला एक, अशी पाच इंजेक्शनं झाली. पडद्याला रक्त कमी पडू लागलं की तो व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन सोडतो. त्याने नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि जुन्या अधिकच झिरपू लागतात. ही इंजेक्शनं त्या प्रथिनाला बांधून ठेवतात. यातलं एक औषध, बेव्हॅसिझुमॅब, मुळात आतड्याच्या कॅन्सरसाठी २००४ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि पुढच्याच वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते डोळ्यात वापरून पाहिलं. एका कुपीतून कितीतरी डोळ्यांचे डोस निघतात, म्हणून गरिबाला ते परवडतं. काकांना मिळतंय ते रॅनिबिझुमॅब. त्याची देशी आवृत्ती २०१५ मध्ये अहमदाबादच्या कंपनीने बाजारात आणली, आणि त्या औषधाची जगातली ती पहिली प्रतिकृती होती. हे कळल्यावर काकांना झालेला आनंद मी पाहिलाय. आपल्याकडे बनलेल्या वस्तूचा आनंद भेलवाल्यालाच तसा होतो.

पाच इंजेक्शनांत शंभर मायक्रॉन उतरले आणि गाडी अडली. शेवटच्या दोन भेटींत आकडा जवळजवळ तोच.

"आता दोन्ही एकत्र देऊ या," डॉक्टर म्हणतात. "हे इंजेक्शन आणि त्याच बैठकीत स्टेरॉइडची कांडी."

"स्टेरॉइड?" इतका वेळ गप्प असलेली काकू पुढे सरकते. "नको हो डॉक्टर. मागे खोकल्यासाठी स्टेरॉइड दिलं तर यांची शुगर चारशेवर गेली होती."

डॉक्टर घाई करत नाहीत. पोटात घेतलेली गोळी रक्तातून सगळ्या अंगात फिरते. ही कांडी डोळ्यातच राहते आणि तिच्यात औषध आहे एका मिलिग्रॅमहूनही कमी, ०.७. रक्तात जातं ते नगण्य. सूज जुनी झाली, की ती एकट्या व्हीईजीएफची राहत नाही. दाह निर्माण करणारी इतरही रसायनं त्यात उतरतात. त्यांच्यावर पहिलं औषध चालत नाही, स्टेरॉइड चालतं. कांडी तीन-चार महिने हळूहळू विरघळत औषध सोडते. मागे काढावं लागेल असं काही उरत नाही, तिचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जातं.

"मग पहिल्यापासून हेच का नाही दिलं?" काका विचारतात. प्रश्न रास्त आहे.

"कारण याची किंमत आहे," डॉक्टर म्हणतात, आणि त्या रुपयांबद्दल बोलत नाहीयेत. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब चढतो आणि मोतीबिंदू लवकर पिकतो. मोतीबिंदूची भीती काकांना नाही, चार वर्षांपूर्वी ऑपरेशन होऊन कृत्रिम भिंग बसलंय. २०१० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात भिंग बसवलेल्या डोळ्यांत लेसरबरोबर दिलेल्या ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचा निकाल रॅनिबिझुमॅबच्या तोडीचा आला होता. काकांच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा. दाबाची भीती मात्र आहे.

मग त्या तो आकडा सांगतात, आणि मला वाटतं आजच्या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. दुसरा अभ्यास, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. एकशे एकोणतीस डोळे, सगळे काकांसारखे: रॅनिबिझुमॅबची इंजेक्शनं घेऊनही सूज हटेना असे. निम्म्यांना तेच औषध पुढे चालू ठेवलं, निम्म्यांना त्याच्या जोडीला ही कांडी दिली. चोवीस आठवड्यांनी दोन औषधं मिळालेल्या डोळ्यांतली सूज सरासरी ११० मायक्रॉनने उतरली, एकच मिळालेल्यांची ६२ ने. चित्र स्पष्ट सुधारलं. आणि तक्त्यावरची अक्षरं? दोन्ही गटांत सरासरी तीनच्या आसपास वाढली. फरक नाही. कांडी मिळालेल्या गटात २९ टक्के डोळ्यांत दाब चढला किंवा त्यासाठी थेंब सुरू करावे लागले. दुसऱ्या गटात एकाही नाही.

खोलीत शांतता आहे. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला जातोय.

डॉक्टरांना हे न सांगताही कांडी देता आली असती. सही आम्ही केलीच असती.

"म्हणजे पाणी जाईल, पण नजर येईलच असं नाही," काका म्हणतात.

"हो. पाण्याखाली काय शिल्लक आहे, ते पाणी उतरल्यावरच दिसेल. पण पाणी तसंच राहिलं तर आहे तेही जाईल, एवढं नक्की."

काका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतात. "करा," ते म्हणतात.

आता आम्ही बाहेर बसून वाट बघतोय. शेजारच्या खुर्चीवर करोंदहून आलेल्या एक आजीबाई आहेत, काळा बुरखा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली जाडजूड फाइल. त्यांच्या सुनेने त्यांना इथवर आणलंय. काकूला त्या सांगतात, "गैस में आँखें ऐसी जली थीं बेटा, तीन दिन खुली नहीं." डिसेंबर १९८४ च्या त्या वायुगळतीच्या रात्रीनंतर हमीदिया रुग्णालयाच्या आवारात डोळे मिटून पडलेली माणसं या शहराच्या आठवणीतून गेलेली नाहीत, जाऊ नयेत. आजींना वाटतंय, आजचा त्रास तेव्हाचाच आहे. सून हळूच सांगते, नाही, शुगरचा आहे. त्या रात्रीच्या मिक (मिथाइल आयसोसायनेट) वायूने जाळली होती डोळ्याची पुढची काच. हा आजार मागच्या पडद्याचा. पण आजींनी वीस वर्षं प्रत्येक धूसरपणाला गॅस हेच उत्तर दिलं, आणि शुगर तपासायची राहून गेली. त्यांना बोल कसा लावायचा?

काकांचंही वेगळं काय झालं? मधलं दिसेनासं झालं तेव्हा चष्म्याचा नंबर बदलला. पुन्हा बदलला. तिसऱ्या चष्म्याच्या वेळी दुकानातल्या मुलाने सहज विचारलं, "अंकल, शुगर तो नहीं है?" तोवर दीड वर्ष गेलं होतं. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायला हवा. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणी जात नाही. हा आजार दुखत नाही, हेच त्याचं सगळ्यात वाईट लक्षण आहे. मी हे घरोघरी सांगत सुटलेय आणि सांगत राहणार आहे.

काकांचं नाव पुकारतात. हिरवा झगा, डोक्यावर टोपी, पायात कागदी मोजे. आत आम्हाला सोडत नाहीत, पण कॉरिडॉरमधल्या टीव्हीवर मायक्रोस्कोपचं चित्र दिसतं. काकू भिंतीकडे तोंड करून बसते. मी बघते.

पडदाभर एक डोळा. तपकिरी आयोडीन त्यावर ओतलं जातं, पापण्यांच्या कडांवर फिरवलं जातं, धुतलं जातं. जंतू आत गेला तर डोळाच जाऊ शकतो, म्हणून हे तपकिरी पाणी म्हणजे या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोठी सुरक्षा. तारेचा चिमटा पापण्या उघड्या धरतो. मग चौकटीत येतो एक छोटासा कॅलिपर, दोन टोकदार पाय असलेला. बुबुळाच्या कडेवर एक टोक, पांढऱ्या भागावर दुसरं. भिंग बसवलेल्या डोळ्यात साडेतीन मिलिमीटर, स्वतःचं भिंग असेल तर चार. पुढे गेलं तर भिंगाला धोका, मागे गेलं तर पडद्याला. पाय उचलले जातात तेव्हा पांढऱ्यावर दोन बारीक खुणा राहतात.

पहिली सुई केसासारखी. रॅनिबिझुमॅब, ०.०५ मिलिलिटर, म्हणजे साधारण एक थेंब. सुई आत जाते, बाहेर येते, जागेवर कापसाची काडी दाबली जाते. श्वास धरायचाही वेळ मिळत नाही.

दुसरी जाड आहे. पेनासारखं एक साधन, टोकाला सुई, आणि सुईच्या पोटात ती कांडी: सहा मिलिमीटर लांब, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. डॉक्टर सुई सरळ घुसवत नाहीत. आधी तिरपी, पांढऱ्या भिंतीच्या जाडीतून थोडी सरकत, मग आत वळवून. असं केलं की भोक आपोआप मिटतं. बुबुळ किंचित थरथरतं. डॉक्टरांचं बोट साधनाच्या बटणावर दाबलं जातं. सुई बाहेर येते. पांढऱ्यावर रक्ताचा एक लाल ठिपका उमटतो.

काका बाहेर येतात तेव्हा डोळ्यावर पारदर्शक कवच आहे आणि चेहऱ्यावर कधी नव्हे ते कुतूहल. "टक्कन आवाज आला," ते काकूला सांगतात. "स्प्रिंगचा. आणि त्यांनी माप घेतलं तेव्हा कळलं मला, दोन टोकं. कॅलिपर होता ना?" हो, मी म्हणते. "साडेतीन?" साडेतीन. ते समाधानाने मान हलवतात. सुई टोचताच डॉक्टरांनी विचारलं होतं, बोटं किती? त्यांनी सांगितलं होतं, तीन. तीनच होती.

सिस्टर काकूला बजावतात: डोळा चोळायचा नाही, पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि दुखायला लागलं, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजताही यायचं. काकू प्रत्येक वाक्य स्वतःशी पुन्हा म्हणते. परतताना काका मध्येच म्हणतात, डोळ्यात पेन्सिलच्या शिशाचा तुकडा तरंगतोय, मान हलवली की तोही डोलतो. काकू घाबरते. पण डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलंय. ती कांडीच आहे.

सहा आठवडे झालेत. पिपलानीत नवरात्राच्या झाँक्यांचे मांडव उभे राहतायत, आणि आम्ही पुन्हा त्याच खोलीत, त्याच खुर्चीमागे.

चित्र मला आधी दिसतं. टेकाड बसलंय. पोकळ्या गेल्यात, कडेला एक-दोन बारीक उरल्यात. मधोमध खळगा आहे! उथळ, जरासा वाकडा, पण आहे. मी काकांचा खांदा दाबते.

"दोनशे शहाण्णव," डॉक्टर म्हणतात.

"बाराला जरा कमी," काका म्हणतात. आवाज हलतो.

मग तक्ता. जानेवारीत ६/६० होतं, पाच इंजेक्शनांनंतर ६/३६. आज काका एक डोळा झाकून वाचत जातात, एक ओळ खाली उतरतात, तिथे अडतात. पुढच्या ओळीतलं पहिलं अक्षर ते चुकीचं सांगतात, दुसऱ्यावर गप्प होतात. ६/२४. एक ओळ.

डॉक्टर छेदाच्या तळाकडे पेनाचं टोक नेतात. तिथे एक पांढरी रेघ अखंड असायला हवी, प्रकाश टिपणाऱ्या पेशींची. काकांच्या चित्रात ती खळग्याच्या बरोबर खाली तुटलीय, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते. पाणी होतं तोवर ही रेघ दिसतच नव्हती. सुजेत इतके महिने राहून ती झिजली. काही ठिकाणी सावरेल कदाचित, महिने लागतील, सगळी सावरणार नाही.

काका ऐकून घेतात. ऐकून घेण्याची त्यांची एक पद्धत आहे, अंगठा तर्जनीवर घासत, जणू पृष्ठभाग तपासतायत.

"माप आलंय," ते म्हणतात. "फिनिश नाही आलं."

डॉक्टर थोडा वेळ काहीच बोलत नाहीत. मग म्हणतात, "हो काका. असंच."

दाबही चढलाय, अठ्ठावीस. कांडी घातल्यानंतर साधारण याच सुमाराला तो चढतो. टिमोलोलचे थेंब, सकाळी आठ, रात्री आठ. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायचा. डाव्या डोळ्यात सूज आत्ता कुठे सुरू होतेय, जाडी तीनशे चाळीस, नजर अजून जवळजवळ पूर्ण. "हा वाचवायचाच," डॉक्टर म्हणतात आणि पुढची तारीख डाव्या डोळ्याची लिहितात. शुगरचा आकडा, एचबीएवनसी, आठ पूर्णांक नऊवरून साडेसातवर आलाय, त्याखाली त्या दोन रेघा मारतात. काकूने सहा आठवडे भातावर जो पहारा ठेवला, त्याच्या त्या दोन रेघा.

घरी आल्यावर काका कपाटाच्या खालच्या खणातून जुनी डबी काढायला सांगतात. आत तेलकट फडक्यात मायक्रोमीटर आहे. ते तो हातात घेतात, अंगठ्याने फिरवतात, फट उघडते. आकडे त्यांना दिसत नाहीत, दोन्ही डोळे आज थेंबांनी धूसर आहेत.

"तू वाच. पाचशे आठ आलं की थांब म्हण."

मी दिव्याखाली धरून वाचते. पन्नास, एक्कावन्नच्या जवळ. "थांबा."

ते फटीत बोटाचं नख फिरवून बघतात. "एवढं होतं." मग उलटं फिरवू लागतात, सावकाश, किर्र किर्र. "आता दोनशे शहाण्णव." मी एकोणतीस आणि तीसच्या मधल्या जागेवर डोळा लावून बसते आणि थांबा म्हणते. ते मायक्रोमीटर काकूपुढे धरतात. काकू टेबलावरची एक लग्नपत्रिका उचलून त्या फटीत घालून बघते. पत्रिका आत जाते, जराशी घासत.

"हे सगळं एवढ्यासाठी?" ती विचारते.

"एवढ्यासाठी," काका म्हणतात.

आठ वाजतात. काकू हात धुऊन येते, काकांची मान मागे टेकवते, खालची पापणी ओढते आणि बाटली डोळ्यावर धरते. हात थरथरतोय. पहिला थेंब गालावर पडतो. ती कापूस घेते, टिपते, आणि दुसरा धरते.